पंखांचा घोडा आणि बोटभर उंचीचे सैनिक

प्लास्टिकची, धातूची किंवा रेझिनची बोटभर उंचीची बाहुली घ्यायची. तिच्यावर आधी राखाडी किंवा काळ्या रंगाचे अस्तर चढवायचे. मग बारीक कुंचल्याने चिलखत, कातडी पट्टा, ढालीवरचे चिन्ह, तलवारीची धार असे एकेक रंगवत जायचे. ही बाहुली कधी राक्षसाची असते, कधी ड्रॅगनवर स्वार झालेल्या योद्ध्याची, तर कधी भविष्यातल्या एखाद्या अवकाश-सैनिकाची. माणसाच्या आकृतीची उंची साधारण २८ ते ३२ मिलिमीटर. एक पूर्ण व्हायला कधी संध्याकाळ पुरते, कधी आठवडा लागतो. इंग्रजीत या छंदाला ‘मिनिएचर पेंटिंग’ म्हणतात.

नांदेड-लातूरकडे हा छंद अलीकडे दिसू लागला आहे. पुण्याला किंवा हैदराबादला इंजिनिअरिंगला गेलेली मुले सुट्टीत घरी येताना खिशातून अशी दोन-चार बाहुली आणतात. धाकटी भावंडे ती पाहतात आणि मग घरातल्या जुन्या प्लास्टिकच्या खेळण्यांवर हात चालवू लागतात. मुस्लीम घर असेल तर तिथे लगेच दोन प्रश्न येतात. पहिला, याचा उपयोग काय? हा प्रश्न सगळ्याच घरांत येतो. दुसरा, हे जायज आहे का? या दोन्हींच्या मागे एक तिसरा प्रश्न लपलेला असतो, तो सहसा कुणी मोठ्याने विचारत नाही. हे आपले आहे का? की हे परदेशातले खूळ इंटरनेटवरून आपल्या पोरांच्या डोक्यात शिरले आहे?

मी उर्दू आणि मराठी शिकवणारा शिक्षक आहे, मुफ्ती नाही. म्हणून फतवा देण्याचा माझा अधिकार नाही. पण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात सापडते आणि ते नीट पाहिले तर उरलेल्या दोन प्रश्नांकडे पाहण्याची आपली नजरही थोडी बदलते.

पटावरून निघालेली फौज

या छंदाची वंशावळ मागे नेत गेलो, तर ती आपल्याच दारात येऊन थांबते. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चार अंगांची सेना म्हणजे चतुरंग. या नावाचा पटावरचा खेळ भारतातून इराणला गेला आणि तिथे ‘चतरंग’ झाला. अरबांनी त्याला ‘शतरंज’ म्हटले आणि त्यांच्याबरोबर तो स्पेन-इटलीपर्यंत पोहोचला. आपण आज मराठीत बुद्धिबळ खेळताना ‘वजीर’ आणि ‘प्यादे’ म्हणतो, ते शब्द या खेळाच्या परतीच्या प्रवासात फारसीतून आले.

या प्रवासात एक गोष्ट घडली, ती आपल्या विषयासाठी फार महत्त्वाची आहे. मुस्लीम देशांत शतरंजच्या मोहऱ्यांचे रूप साधे होत गेले. हत्तीची सोंड गेली, घोड्याचे तोंड गेले. उरल्या त्या गोल-चपट्या आकृत्या, वर एखादी खूण किंवा दोन टोके. इराणमधल्या निशापूरचा बाराव्या शतकातला असा एक संच न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. भाजलेले मोहरे, त्यावर फिरोजी आणि जांभळट चकाकी. त्यात एकही चेहरा नाही, तरी ते सुंदर आहेत. सजीवाची प्रतिमा टाळायची, पण खेळ आणि रंग सोडायचा नाही, असा मार्ग त्या कारागिरांनी काढला होता.

युरोपात पोहोचल्यावर मोहऱ्यांना पुन्हा चेहरे आले. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर १८३१ साली सापडलेले बाराव्या शतकातले मोहरे त्याचे उदाहरण आहेत. वॉलरसच्या दातातून कोरलेले राजे, राण्या आणि रागाने ढालीची कड चावणारे सैनिक. आजच्या काल्पनिक योद्ध्यांच्या बाहुल्यांचे ते थेट पूर्वज वाटावेत असे आहेत.

पुढे १७८० मध्ये ब्राउनश्वाइगच्या हेलविग नावाच्या जर्मन शिक्षकाने बुद्धिबळाचा पट मोठा करून त्यावर नद्या, डोंगर आणि तोफा आणल्या. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्याने राइस्विट्झ या अधिकाऱ्याचा ‘क्रीग्सश्पील’ म्हणजे युद्ध-खेळ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी स्वीकारला. लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने १८९३ पासून आतून पोकळ असे शिशाचे सैनिक ओतायला सुरुवात केली आणि ही फौज सामान्य घरातल्या मुलांच्या हाती आली. विज्ञानकथा लिहिणाऱ्या एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये या सैनिकांशी खेळण्याच्या नियमांचे ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तक लिहिले. खऱ्या युद्धापेक्षा हे खेळण्यातले युद्ध किती बरे, असा त्याचा सूर होता. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

अमेरिकेत १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला आणि इतिहासातल्या सैनिकांची जागा जादूगार, राक्षस आणि ड्रॅगन यांनी घेतली. सुरुवातीला राक्षसांच्या बाहुल्या बाजारात मिळत नव्हत्या. तेव्हा या मंडळींनी हाँगकाँगहून येणारी स्वस्त प्लास्टिकची विचित्र जनावरे पटावर ठेवली आणि त्यातल्या काहींवरूनच खेळातले प्रसिद्ध राक्षस तयार झाले. १९७९ मध्ये इंग्लंडमध्ये सिटाडेल मिनिएचर्स सुरू झाली, १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ हा खेळ आला. खेळापेक्षा बाहुल्या रंगवण्यातच रमणारी माणसे तिथून वाढत गेली.

म्हणजे आज डब्यातून येणारी ही फौज आपल्याकडून गेलेल्या चतुरंग सेनेचीच पणती-खापरपणती आहे. वाटेत तिने इराणी, अरबी, जर्मन आणि अमेरिकन कपडे घातले, एवढेच.

अद्भुताची आपली दुनिया

यावर कुणी म्हणेल, पट आपला असेल, पण राक्षस, जादूगार आणि उडणारे प्राणी तर पाश्चात्त्यांचे ना? उर्दू शिकवणाऱ्याला यावर हसू येते.

दख्खनी उर्दूतले आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने मोठे काव्य ‘कदमराव पदमराव’ हे आहे. फखरुद्दीन निजामी याने ते पंधराव्या शतकात बहामनी राज्यात लिहिले. त्या राज्याची राजधानी बीदर आमच्या उदगीरहून फार लांब नाही. या काव्यात एक जोगी राजाला आपला जीव दुसऱ्या देहात घालण्याची विद्या शिकवतो आणि राजाचा जीव पोपटाच्या शरीरात अडकतो. दख्खनी मुसलमानाने लिहिलेले पहिले मोठे काव्यच एक अद्भुतकथा आहे आणि तिच्यातली पात्रांची नावे कदमराव, पदमराव अशी आहेत. आपल्या भागाची मुळे किती एकमेकांत गुंतलेली आहेत, हे सांगायला वेगळा पुरावा लागू नये.

पुढे अमीर हमजाची दास्तान आली. देव, परी, तिलिस्म आणि थैलीत अख्खी दुनिया मावेल अशी ‘जंबील’ बाळगणारा अमर अय्यार. अकबराने या दास्तानीची सुमारे १४०० चित्रे काढून घेतली. १५६२ च्या आसपास सुरू झालेले हे काम पंधरा वर्षे चालले. मीर सय्यद अली आणि नंतर अब्दुस्समद या इराणहून आलेल्या उस्तादांच्या देखरेखीखाली हिंदू आणि मुस्लीम चित्रकार एकत्र बसले. त्याच चित्रशाळेतला दसवंत हा पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा होता. भिंतींवर चित्रे काढत फिरणाऱ्या या पोराला अकबराने उचलून अब्दुस्समदच्या हाती दिले, असे अबुल फजलने नोंदवले आहे. एकोणिसाव्या शतकात याच दास्तानीतून फुललेली ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ लखनौच्या नवल किशोर छापखान्याने १८८३ पासून खंडाखंडाने छापली. छापखान्याचा मालक हिंदू, लेखक मुस्लीम आणि वाचक सगळेच.

दख्खनमध्येही अद्भुताला रंग मिळत होते. विजापूरच्या आदिलशाही दरबारात १५७० मध्ये ‘नुजूम-उल-उलूम’ नावाचा ज्योतिष आणि गूढविद्येचा सचित्र ग्रंथ तयार झाला. तो आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. ग्रहांच्या आणि अदृश्य शक्तींच्या अनेक विलक्षण आकृत्या त्यात आहेत. दगडातही हेच. बीदरच्या किल्ल्याच्या शर्झा दरवाजावर वाघ कोरलेले आहेत आणि दख्खनच्या कितीतरी किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ हा निम्मा सिंह, निम्मा कल्पनेतला प्राणी बसलेला दिसतो. हिंदू राजवट असो वा मुस्लीम, दरवाजावर शरभ हवाच, असा जणू त्या काळचा शिरस्ता होता.

आणि अगदी बोटभर आकाराची रंगकला पाहायची तर गंजिफा घ्यावा. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफाचे पत्ते पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. हाच खेळ दख्खनमार्गे महाराष्ट्रात रुजला आणि कोकणातल्या सावंतवाडीत त्याचा दशावतारी गंजिफा झाला. दहा अवतारांचे प्रत्येकी बारा असे १२० गोल पत्ते, प्रत्येकावर हाताने काढलेले चित्र. तळहातात मावणाऱ्या वर्तुळात मत्स्य, कूर्म आणि नरसिंह बसवणारे चितारी आणि आजची २८ मिलिमीटरची बाहुली रंगवणारी मुले यांच्या हातांना एकाच प्रकारची सवय लागते.

‘मिनिएचर’ या शब्दातही एक गंमत आहे. पुष्कळांना वाटते तसा तो ‘मिनी’ म्हणजे लहान यावरून आलेला नाही. लॅटिनमध्ये ‘मिनियम’ म्हणजे शेंदूर. जुन्या हस्तलिखितांत शेंदराने अक्षरे आणि चित्रे रंगवत, त्यावरून हा शब्द आला. लहानपणाचा अर्थ त्याला नंतर चिकटला.

नांदेडहून निर्मलकडे

पोथ्या आणि पत्ते बाजूला ठेवून प्रत्यक्ष रंगवलेल्या लहान बाहुल्या पाहायच्या असतील, तर नांदेडकराला फार लांब जावे लागत नाही. राष्ट्रीय महामार्ग ६१ धरून भोकर, भैंसा करत गेले की रस्ता निर्मलला पोहोचतो. आज ते तेलंगणात आहे. १९५६ पूर्वी नांदेड आणि निर्मल दोन्ही हैदराबाद संस्थानाच्या मुलखात होते. भाषावार राज्यरचनेत भैंसा आणि मुधोळ नांदेड जिल्ह्यातून तिकडे गेले, आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट इकडे आले.

निर्मलची लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. तिथे हे काम करणाऱ्या समाजाला नकाशी किंवा नक्काश म्हणतात. तेलुगू बोलणाऱ्या या हिंदू कारागिरांच्या समाजाचे नाव अरबी ‘नक्श’वरून आले आहे. मराठीतली ‘नक्षी’ आणि ‘नकाशा’ हे शब्दही त्याच मुळाचे. वर्गात शब्दांची कुळे शिकवताना मी हे उदाहरण नेहमी घेतो, कारण एका शब्दात तीन भाषा आणि दोन धर्म मुकाट्याने शेजारी बसलेले दिसतात.

त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. पोणिकी नावाच्या झाडाचे लाकूड अतिशय हलके आणि मऊ असते. त्यातून धड, हात, पाय, शिंगे असे भाग वेगवेगळे कोरतात. चिंचोक्याच्या खळीत लाकडाचा भुसा कालवून केलेल्या लगद्याने ते जोडतात आणि सांधे बुजवतात. मग घासून गुळगुळीत करायचे, वर पांढरे अस्तर द्यायचे आणि त्यावर रंग. पूर्वी खनिजे आणि वनस्पतींपासून रंग करत, विसाव्या शतकात डबाबंद चमकदार रंग आले. हैदराबादच्या अकबर हैदरी यांच्या पत्नी आमिना हैदरी यांनी निजामाच्या काळात या कलेला आश्रय दिला.

आता हाच क्रम आजच्या छंदाशी ताडून पाहा. भाग वेगळे सुटतात, गोंदाने चिकटवतात, सांध्यात लगदा भरतात, घासतात, अस्तर देतात, आधी मोठे भाग आणि शेवटी बारीक रेघा. नॉटिंगहॅमच्या कारखान्यातून आलेल्या डब्यावर जे सांगितलेले असते, ते निर्मलच्या कारागिराला नवीन नाही. फरक आहे तो पोटाचा. निर्मलचा नक्काश यावर घर चालवतो, छंद करणारा यावर पैसे खर्च करतो.

आपल्या गावातही असे काम होतेच. पोळ्याच्या आधी कुंभारवाड्यात मातीच्या बैलांच्या ओळी लागतात. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, कपाळावर ठिपका. मराठवाड्यातल्या मुस्लीम शेतकऱ्यांच्या घरीही खऱ्या बैलांना त्या दिवशी आंघोळ घालून सजवले जाते आणि पोरांच्या हातात मातीची जोडी असते. मोहरमच्या दिवसांची गोष्टही तशीच. जाफर शरीफ यांनी दख्खनच्या मुसलमानांच्या रीतींवर लिहिलेला ‘कानून-ए-इस्लाम’ हा ग्रंथ १८३२ मध्ये हर्क्लॉट्स यांनी इंग्रजीत आणला. त्यातल्या मोहरमच्या वर्णनात ताबूत आहेत, अंगाला पट्टे रंगवलेले वाघ आहेत आणि बुराकही आहे. धार्मिक दृष्टीने या रीतींवर उलेमांनी तेव्हाही टीका केली, आजही करतात. ती टीका आपल्या जागी. पण इतिहास लिहिताना या रीती नव्हत्याच, असे म्हणता येत नाही.

जायज की नाजायज?

आता सर्वांत अवघड भाग. सजीवाची प्रतिमा घडवणाऱ्यांना कयामतच्या दिवशी तिच्यात प्राण फुंकायला सांगितले जाईल, अशा अर्थाच्या हदीस आहेत आणि त्या दुबळ्या नाहीत. बहुसंख्य जुन्या फकिहांनी त्यांच्या आधारे सजीवांच्या, विशेषतः ज्यांची सावली पडते अशा घडीव प्रतिमा निषिद्ध मानल्या. ज्या आईबापांना मुलाच्या हातातली बाहुली पाहून धास्ती वाटते, त्यांची धास्ती अज्ञानातून आलेली नाही. तिला परंपरेचा आधार आहे, हे आधी मान्य केले पाहिजे.

पण त्याच परंपरेत आणखी एक गोष्ट आहे. हजरत आयेशा (र.) लहान वयात बाहुल्यांशी खेळत आणि प्रेषित (स.) त्यांना अडवत नसत, हे बुखारीत आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहात याहून पुढची हकिकत येते. प्रेषित एका मोहिमेवरून परतले होते. वाऱ्याने पडदा हलला आणि मागच्या बाहुल्या दिसल्या. मध्ये चिंध्यांचे पंख लावलेला एक घोडा होता. हे काय, असे त्यांनी विचारले. घोडा, असे उत्तर मिळाले. आणि त्याच्यावर हे काय? पंख. घोड्याला पंख? त्यावर आयेशा म्हणाल्या, हजरत सुलेमान यांच्याकडे पंखांचे घोडे होते, हे आपण ऐकले नाही का? हे ऐकून प्रेषित मनापासून हसले.

ही हकिकत मी अनेकदा वाचली आहे आणि दर वेळी त्या घोड्यापाशी थांबतो. तो नुसता घोडा नाही. जगात नसलेला प्राणी आहे, एका मुलीने ऐकलेल्या गोष्टीतून आणि चिंध्यांतून तयार केलेला. आज ज्याला ‘फँटसी मिनिएचर’ म्हणतात, ते याहून वेगळे काय असते? या हदीसच्या आधारे अनेक फकिहांनी मुलांच्या खेळण्यांना सूट दिली. ही सूट कुठपर्यंत, मोठ्यांच्या छंदाला ती लागू होते का, यावर मतभेद आहेत आणि ते ज्याने-त्याने आपल्या भरवशाच्या आलिमांकडे जाऊन समजून घ्यावेत. अकबराचे म्हणणे वेगळ्या दिशेचे होते. अबुल फजलने नोंदवल्यानुसार, चित्रकार जिवंत आकृतीचे सगळे अवयव काढतो, पण तिला जीव देऊ शकत नाही, तेव्हा जीव देणाऱ्याची आठवण त्याला इतरांपेक्षा जास्त होते, असे त्याला वाटे. अकबर काही धर्मशास्त्री नव्हता आणि त्याचे मत सर्वांनी मानावे असेही नाही. पण चारशे वर्षांपूर्वी हिंदुस्तानात हा वाद उघडपणे चालू होता, हे यातून कळते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नववीच्या वर्गातली एक मुलगी जुन्या प्लास्टिकच्या सैनिकांना पोस्टर कलरने रंगवत असे. बाटलीचे झाकण ही तिची रंगाची वाटी, टूथपिक हा बारीक कुंचला. तिला चित्रकलेच्या एलिमेंटरी ग्रेड परीक्षेला बसायचे होते. तिचे वडील मोटारसायकलचे मेकॅनिक. ते शाळेत आले, माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, “सर, ये मूर्तियां रंगाना अपने में चलता क्या?”

मी त्यांना म्हणालो, “भाई, मसला आपल्या मौलानांना विचारा. मी फक्त भाषेचा मास्तर आहे. पण तुम्ही ‘मूर्तियां’ म्हणालात, तिने मला ‘खिलौने’ म्हणून दाखवले होते.” मग पंखांच्या घोड्याची हकिकत सांगितली. ते शांतपणे ऐकत होते. आठ दिवसांनी मुलगी सांगत आली की अब्बांनी परवानगी दिली आहे, पण चेहरे काढायचे नाहीत. म्हणून आता ती सगळ्या सैनिकांना झाकलेल्या टोपाचे शिरस्त्राण करणार होती. वहीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून तिने ती खरोखर केली. एलिमेंटरी परीक्षेलाही ती बसली.

त्या घरात जो तोडगा निघाला, तो मला नवीन वाटला नाही. निशापूरच्या कारागिराने हत्तीची सोंड काढून टाकली आणि मोहरा फिरोजी रंगवला, तेव्हा त्याने हेच केले होते. नऊशे वर्षांचे आणि हजारो मैलांचे अंतर आहे, पण अडचण तीच आणि उत्तरही तेच. श्रद्धा आणि रंग दोन्ही सोडायचे नाहीत, असे ठरवलेली माणसे असा मार्ग काढतात. मुस्लीम कलेतली वेलबुट्टी, भूमितीच्या आकृत्या आणि खुशनवीसी यांचा मोठा भाग अशाच तोडग्यांतून फुलला आहे. बंदी हा तिथे कलेचा शेवट नव्हता. कलेने वेगळी वाट धरली.

शब्दांचे महत्त्वही इथेच कळते. बुत, मूर्ती, गुडिया, खिलौना, मोहरा, बाहुली हे शब्द एकाच वस्तूला लावता येतात, पण प्रत्येक शब्दाबरोबर वेगळा निकाल येतो. ज्याची पूजा होते ते एक, ज्याच्याशी खेळतात ते दुसरे आणि पटावर ज्याची चाल होते ते तिसरे. मूल काय करते आहे हे न पाहता आपण आधी शब्द उचलतो आणि मग त्या शब्दावर रागावतो.

उपयोगाचा प्रश्न

राहिला पहिला प्रश्न. उपयोग काय? परदेशी कंपन्यांचे डबे महाग असतात. एकेक डबा काही हजारांना पडतो आणि आपल्या बहुतेक घरांना तो परवडणारा नाही. त्यामुळे हा छंद श्रीमंतांचा, असा समज होतो. पण डबा म्हणजे छंद नाही. हाँगकाँगच्या स्वस्त खेळण्यांपासून ज्यांनी राक्षस केले, त्यांच्याकडेही डबा नव्हता. पोळ्यानंतर उरलेला मातीचा बैल, जत्रेतला प्लास्टिकचा घोडा, तुटलेल्या खेळण्यातला सैनिक एवढ्यावर सुरुवात होते. ट्रिपल झिरोचा एक कुंचला आणि चार रंग लागतात.

बीएडला असताना हात आणि डोळा यांचा मेळ हा विषय आम्ही पुस्तकातून शिकलो. तो मेळ प्रत्यक्ष काय असतो, ते मुलगी दोन मिलिमीटरच्या पट्ट्यावर रेघ मारताना श्वास रोखते तेव्हा दिसते. त्या रेघेसाठी तिने तासभर मोबाइल हातात घेतलेला नसतो. पेणच्या गणपती कारखान्यांत डोळ्यांची आखणी सगळ्यात निष्णात कारागिराकडे असते, कारण तिथे चूक झाली की सगळी मेहनत वाया. लहान वस्तूवर काम करणाऱ्याला धीर शिकावाच लागतो. उर्दू माध्यमाच्या आमच्या अनेक मुलामुलींपुढे पुढच्या शिक्षणाचे मोजकेच रस्ते असतात. ग्रेड परीक्षा, एटीडी, डिझाइनचे अभ्यासक्रम, दागिन्यांचे काम, थ्रीडी मॉडेलिंग या वाटांकडे आपण त्यांना सहसा नेतच नाही, कारण चित्रकलेचा तास आपल्या शाळांत सर्वांत आधी रद्द होतो.

म्हणून माझी दोन साधी मागणी आहेत. उर्दू शाळांनी चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकू नये आणि एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांचे अर्ज मुलींपर्यंत वेळेत पोहोचवावेत. आणि नांदेड-लातूरच्या शाळांच्या सहली दर वर्षी त्याच त्या चार ठिकाणी जातात, त्यातली एखादी निर्मलला न्यावी. नक्काशाच्या समोर मुलांना बसवावे, चिंचोक्याची खळ बोटांना लागू द्यावी. ‘नक्काश’ हा उर्दू शब्द तेलुगू बोलणाऱ्या कारागिराच्या तोंडून त्यांनी ऐकावा. आम्ही यंदा तशी परवानगी मागितली आहे आणि वर्गातल्या बेचाळीस मुलांनी नावे दिली आहेत.